देणारा कोण?

आमच्या घरात एक मोटरसायकल आहे आणि तिच्यावरून गेल्या पावसाळ्यात आम्हा तिघांचं जे बिनसलं ते अजून पुरतं जुळलेलं नाही. गाडी आर-एक्स हंड्रेड, 1993 सालची. आमच्या ह्यांनी लग्नानंतर तिसऱ्या वर्षी घेतली. टिळकवाडीतलं घर ते शहापुरातलं साड्यांचं दुकान, एवढाच तिचा प्रवास. पण तो तीस वर्षं चालू आहे. मागे कॅरियरवर गठ्ठा असतो. ह्यांचं वय आता साठीला टेकलंय आणि कमरेतला मणका सरकलाय. डॉक्टरांनी सांगितलं, गाडी सोडा, नाहीतर धक्के तरी कमी करा. सोडणं शक्यच नव्हतं. राहिले धक्के.

मुलगा पुण्याहून आला होता. त्याने गाडी दोन हातांनी दाबून पाहिली आणि म्हणाला, "आई, शॉकअप संपलेत. पुढचे, मागचे, सगळेच. पल्सरचे बसवू. डोनर गाडी मिळाली की दोन दिवसांचं काम."

डोनर हा शब्द मला खटकला. का, ते त्या क्षणी नीट सांगता आलं नाही.

मला यंत्रातलं फारसं कळत नाही, पण मिस्त्रींनी समजावलं ते लक्षात राहिलं. शॉकअपमध्ये दोघं जण काम करतात. स्प्रिंग वजन पेलते आणि खड्ड्यात दबते. दबलेली स्प्रिंग उसळी मारणारच, ती तिची जातच. तिला आवरायला आत तेल असतं. बारीक भोकांतून जाताना ते अडतं आणि उसळी तिथेच मरते. तेल गळालं की स्प्रिंग एकटी पडते, आणि एका खड्ड्याचे चार धक्के बसतात. ह्यांच्या कमरेला बसत होते ते हे उरलेले तीन. नव्या गाड्यांच्या शॉकअपला वेगळी गॅसची डबीही असते, तेलाला फेस येऊ नये म्हणून.

पण दुसऱ्या गाडीचा भाग म्हणजे दुसऱ्याचा चष्मा. आर-एक्सचं वजन शंभर किलोच्या आसपास. पल्सर दीडशे तिच्यापेक्षा चाळीसेक किलोनं जड. जड गाडीची स्प्रिंग हलक्या गाडीला कडक लागते. मागचा शॉकअप थोडा जरी लांब निघाला तरी गाडी पुढे झुकते आणि हँडल चंचल होतं. पुढचा फोर्क बदलायचा तर त्याची टी, बॉल रेस, एक्सल, सगळंच बदलतं. पल्सरच्या फोर्कला डिस्क ब्रेक, आपल्या चाकाला ड्रम. ड्रमची प्लेट अडकवायला त्या फोर्कवर जागाच नाही. मग चाकही पल्सरचं, डिस्कही पल्सरची. एक भाग मागायला जावं आणि पाच घेऊन यावं, असा प्रकार.

मिस्त्रींनी दोन ठिकाणं सांगितली. पहिली एका अपघातातली पल्सर. मालक जिवंत, पाय मोडलेला. त्याने कागदपत्रांसह गाडी विकली होती. पण टक्कर समोरून झाल्यामुळे फोर्कचे पाईप वाकलेले. "प्रेसवर सरळ करून देतो की वहिनी," मिस्त्री म्हणाले, आणि पुढे स्वतःच म्हणाले, "पण माझ्या पोराच्या गाडीला मी लावणार नाही." मागचे दोन शॉकअप मात्र नव्यासारखे होते.

दुसरं ठिकाण जुन्या बाजारातलं. तिथे फोर्क, चाक, डिस्क असा पुढचा सगळा संच मिळत होता. पाईप आरशासारखे, एक ओरखडा नाही. किंमत निम्म्याहून कमी. बिल नाही.

मुलगा खूश झाला. मी मात्र त्या चकचकीत पाईपांपाशी अडकले. वाकलेल्या फोर्कचं कारण कळतं, गाडी धडकली. हा सरळ फोर्क बाजारात आलाच कसा? ज्या गाडीला काहीच झालं नव्हतं ती गाडी सुटी कोणी केली? आरसी बुकात इंजिनचा नंबर असतो, चासीचा असतो. फोर्कचा नसतो. गाडी ओळखता येते. तिचे हातपाय वेगळे केले की ओळखता येत नाहीत.

"आई, सगळेच घेतात तिथून," मुलगा म्हणाला. "तू काय शेरलॉक होम्स आहेस का?"

मी नव्हते. मी तर त्याच बाजाराची जुनी गिऱ्हाईक. 1999 साली आमच्या आर-एक्सचा कार्बोरेटर रात्रीत दारातून चोरीला गेला. ह्यांनी दुसऱ्या दिवशी जुन्या बाजारातून एक आणला, स्वस्तात. बसवणारा हसत म्हणाला, "तुमचाच असेल बघा हा, घरी परत आलाय." आम्ही दोघंही हसलो. ती गोष्ट मी पाहुण्यांना कितीदा रंगवून सांगितली आहे. आज वाटतं, तो आपलाच असता तर बरं झालं असतं. नसेल तर आणखी कोणाच्या दारात सकाळी कोणीतरी किक मारत उभं राहिलं असेल.

लहानपणी पाठशाळेत आम्ही अणुव्रतांचे अतिचार घोकत होतो. अचौर्याच्या पाचांत एक तदाहृतादान, म्हणजे चोराने आणलेलं घेणं. पंडितजी विचारायचे आणि आम्ही मुली एका सुरात म्हणायचो. अर्थ कळत होता, पण तो सोनं-नाणं घेणाऱ्या सोनारासाठी आहे अशी आमची समजूत. कार्बोरेटर त्यात बसतो हे तेव्हाही सुचलं नाही आणि 1999 मध्येही नाही.

आणि तो डोनर शब्द. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचे डोळे दिले होते. सहा तासांच्या आत घ्यावे लागतात, म्हणून रडण्याआधी फोन करावा लागला. त्यांनी स्वतः दोन वर्षं आधी अर्ज भरून तो देवघराच्या फळीखाली ठेवला होता. कोणाला मिळाले ते कळत नाही, कळवतही नाहीत. तरी देणारी कोण होती हे पक्कं होतं. तिने द्यायचं ठरवलं होतं, त्या कागदावर तिची सही होती. दान म्हणजे मला तेवढं माहीत. जुन्या बाजारातल्या फोर्कला डोनर म्हणायचं, तर देणारा कोण? ज्याची गाडी गेली त्याने काहीच दिलं नाही. त्याच्याकडून घेतलं गेलं.

अपघातातल्या गाडीच्या मालकाला ह्यांनी फोन केला. गरज नव्हती, कागद मिस्त्रींकडे होते. मीच मागे लागले. त्या माणसाने आधी विचारलं, तुमची गाडी कुठली, मागे ओझं किती असतं. मग म्हणाला, शॉकअप सगळ्यात मऊ खाचेवर ठेवा, आणि डाव्याचा खालचा बुश बदलून घ्या, तो वाजतो. पैसे त्याला आधीच मिळाले होते. हे सांगायची त्याला काही गरज नव्हती. फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "भला माणूस." मला वाटलं, आता जरा दिल्यासारखं झालं.

मागचे शॉकअप बसले. मिस्त्रींनी वरच्या कडीपासून खालच्या कडीपर्यंत टेप लावून माप घेतलं, उद्यमबागेतल्या लेथवर बुश करून आणले. साड्यांच्या गठ्ठ्यामुळे कडकपणाही फार जाणवत नाही. ह्यांची कमर बरी आहे. इथपर्यंत सगळं ठीक.

पुढच्याचं मात्र भांडण झालं. जुन्या बाजारातलं घेणार नाही, हे मी सांगितलं. मुलगा एक रात्र गप्प बसला आणि सकाळी म्हणाला, "ठीक आहे. नवा घेऊ. फोर्क, चाक, डिस्क, सगळं दुकानातून, बिलासकट. पैसे मी देतो. आता तर चोरी नाही ना?"

चोरी नव्हती. तेव्हा मी कायदा काढला. मोटार वाहन कायद्याचं कलम 52. उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असे बदल करता येत नाहीत, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. उद्या काही झालं आणि विमावाल्यांनी बोट ठेवलं तर? पाठशाळेतला आणखी एक अतिचारही मला नेमका आठवला, राज्याचे नियम मोडून व्यवहार करण्याचा.

मुलगा म्हणाला, "मग मागचे पल्सरचे कसे चालले?"

मी म्हटलं, ते छोटं आहे.

"आणि पप्पा बस्तीपर्यंत बिनहेल्मेटचे जातात, ते?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो पुढे जे बोलला ते मी इथे लिहिणार नव्हते, पण लिहिते. म्हणाला, "आई, तुझं मन स्वच्छ राहावं म्हणून पप्पांनी ड्रम ब्रेकवर चालायचं. पावसात टेम्पो समोर आला तर कलम 52 मध्ये येणार आहे का?"

हे मधे पडले. म्हणाले, मला काय ते डिस्कचं कौतुक नाही, आहे तेच दुरुस्त करा. मिस्त्रींनी जुन्याच फोर्कला नवे पाईप घातले, ऑईल सील बदलले, तेल भरलं, ब्रेक शू नवे लावले. गाडी मऊ चालते. ब्रेक लागतो, जेवढा ड्रमचा लागतो तेवढा.

मी खूप विचार केला आहे. चोरीचा भाग नाकारला त्याबद्दल मला शंका नाही. त्याची किंमत आम्हीच मोजणार होतो आणि मोजली. कलम 52 चं तसं नाही. तिथे मला कायद्याचा एवढा आदर होता की भांडण जिंकायचं होतं, हे मलाच नक्की सांगता येत नाही. आधी एक गोष्ट खरी ठरली, म्हणून दुसरीही माझीच खरी, असं मी धरून चालले असेन. व्रत पाळणारी मी, आणि ब्रेक दाबणारा दुसरा माणूस. असा सौदा पाठशाळेत कोणी शिकवला नव्हता. कायदा मोडायला हवा होता असंही म्हणवत नाही. कारण प्रत्येकजण आपापल्या हुशारीने गाडी बदलू लागला तर समोरून येणाऱ्याचं काय होईल, तेही दिसतं. पण मी त्या समोरच्याचा विचार तेव्हा केला नव्हता. आता लिहिताना सुचलं.

मुलगा दर रविवारी फोन करतो, दोघांशी बोलतो, गाडीचं विचारत नाही. पूर्वी पहिलं तेच विचारायचा.

चातुर्मास चालू आहे. सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून हे साडेपाचला दुकानातून निघतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी वळण आहे, पावसाळ्यात तिथे चिखल असतो. टू-स्ट्रोकचा आवाज लांबून ओळखू येतो. वळणावर तो बारीक होतो, मग पुन्हा मोठा होतो. तो मोठा होईपर्यंत मी पोळी तव्यावर टाकत नाही.