ऐकलेली गोष्ट आणि आपली जबाबदारी

जगावर येणाऱ्या संकटांचा विचार करिताना आपण बहुधा दोनच कारणे पुढे करितो: निसर्गाचा कोप आणि राज्यकर्त्यांच्या चुका. ही कारणे खरी आहेत. परंतु तिसरे एक कारण आपल्या जिभेवरच वसत असल्यामुळे आपणांस दिसत नाही. माणसे आपसांत ज्या गोष्टी सांगतात, त्यांवर संकटाचे रूप पुष्कळ अंशी अवलंबून असते. मग ऐकलेली गोष्ट पुढे सांगणारा तिच्या परिणामास कितपत जबाबदार आहे, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो.

मनुष्यस्वभाव असा आहे की, भय वाटले म्हणजे मनुष्य प्रथम सोबत शोधितो आणि मग कारण शोधितो. कारण सापडले नाही तर तो अपराधी शोधितो. आणि अपराधी बहुधा परकाच ठरतो. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा म्हणून गाव आहे. तेथे १ जुलै २०१८ रोजी, मुले पळविणारी टोळी आली आहे ह्या अफवेवरून, भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांस जमावाने ठार मारिले. मुलांवरील प्रेम ही काही वाईट गोष्ट नव्हे. परंतु त्या प्रेमाच्या हाती खोटी गोष्ट आली आणि तिने निरपराध्यांचे प्राण घेतले.

आमच्या नागपुरास हा धडा फार जवळून मिळाला. औरंगजेब बादशहा इ. स. १७०७ मध्ये मरण पावला. त्याची खुलताबाद येथील कबर काढून टाकावी, अशा मागणीसाठी १७ मार्च २०२५ रोजी महाल भागात निदर्शने झाली. तेथे पवित्र वचने लिहिलेले कापड जाळिले, अशी वार्ता पसरली. सरकारने ती अफवा असल्याचे सांगितले. परंतु तोपर्यंत दगड सुटले होते आणि वाहने जळत होती. शहराच्या काही भागांत संचारबंदी लागली, कित्येक पोलीस जखमी झाले, आणि एका जखमी मनुष्याचा पुढे अंत झाला. ज्याला मरून ३१८ वर्षे झाली त्याच्या कथेवरून जिवंत शेजारी एकमेकांस भिऊ लागले. राष्ट्राराष्ट्रांतील वैरेही अशाच कथांवर पोसतात; भेद केवळ विस्ताराचा आहे.

अशा वेळी पुष्कळ जण म्हणतात, “आम्ही दगड मारिला नाही, ऐकले तेवढेच सांगितले.” ही सबब पुरेशी नाही. साखळीची प्रत्येक कडी आपले वजन थोडे समजते. पण एक कडी निसटली तर साखळी तुटते. ज्याला थांबणे शक्य होते आणि जो थांबला नाही, त्याचा वाटा लहान असेल, पण शून्य नाही.

येथे कोणी विचारील, “धोका खरा असला आणि आम्ही गप्प बसलो, तर?” शंका रास्त आहे. गप्प बसावे असे आमचे म्हणणे नाही. संशय असेल तर ज्याला चौकशीचा अधिकार आहे त्या पोलीस पाटलास सांगावे, चावडीवरच्या घोळक्यास नव्हे. पाहिलेले ते पाहिलेले म्हणून सांगावे, ऐकलेले ते ऐकलेले म्हणून.

शिवाय गोष्टी केवळ जाळतात असे नाही, त्या तारितातही. देवीच्या रोगाचे नावच सांगते की लोक त्यास मातेचा कोप मानीत. त्या समजुतीने अनेकांनी टोचणाऱ्यास दारातून परत पाठविले. तरी लस देणारे घरोघर गेले, समजावीत राहिले. १९७७ मध्ये भारत, आणि १९८० मध्ये सर्व जग, ह्या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. लस टोचण्यासही आपण ‘देवी काढणे’ असेच म्हणत आलो. नाव जुनेच राहिले. गोष्ट मात्र पालटली, आणि तिच्याबरोबर कोट्यवधींचे दैव पालटले.

म्हणून, वाचकहो, ज्याच्या शब्दास गावात मान आहे, त्याचे कर्तव्य अधिक कठीण आहे. रात्री कोणी धापा टाकीत बातमी घेऊन आला, तर त्यास बसवावे, पाणी द्यावे आणि विचारावे: “तू स्वतः पाहिलेस काय?” ह्या एका प्रश्नाने एखादे गाव वाचू शकते.