खरे की खोटे, हे विचारायचे कोणी?

आपल्या मंडळीतील वडीलधारे उपासनेनंतर ओसरीवर बसले की एक वाक्य हमखास कानी पडते : "हल्ली जगात सत्य राहिले नाही." दुसरे कोणी मान डोलावून म्हणतात, "आणि शहाणपणही." मग चहा येतो व विषय बदलतो. ही तक्रार करताना आपले बोट नेहमी दुसऱ्याकडे असते. कधी पुढाऱ्यांकडे, कधी वर्तमानपत्रांकडे, तर कधी तरुण पिढीकडे. २०१८ साली ते बोट मला स्वतःकडे वळवावे लागले.

त्या वर्षी मुले पळविणाऱ्या टोळ्या आल्याची आवई व्हॉट्सॲपवरून देशभर फिरत होती. १ जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्याचे. संशय आला, गर्दी जमली. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन तेथेच ठार मारण्यात आले. त्यांनी कोणाचेही मूल पळविले नव्हते.

पुढे दोन आठवड्यांच्या आतच, १३ जुलैला, बीदर जिल्ह्यात तसेच घडले. हैदराबादहून आलेल्या काही मित्रांनी वाटेत शाळकरी मुलांना चॉकलेट दिले. लोकांनी त्यांना घेरले, तेव्हा ते घाबरून गाडीतून निघाले. पण गाडीच्या आधी त्यांची चित्रे मुर्की गावच्या लोकांच्या हातात पोहोचली होती व तेथे रस्ता अडविलेला होता. त्यांच्यापैकी एक तरुण मारला गेला. संडे स्कूलच्या शिक्षकांनो, आपल्यापैकी कोणी कधी मुलांना चॉकलेट वाटले नाही?

या आवईबरोबर एक चित्रफीत फिरत होती, तिची हकिगत विचार करण्यासारखी आहे. मोटारसायकलवरील दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, असे तिच्यात दिसते. ती मुळात कराचीतील एका संस्थेने आईबापांना सावध करण्यासाठी तयार केली होती. शेवटी तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात व मूल पळविण्यास एक क्षण पुरतो अशा अर्थाचा फलक दाखवितात. कोणी तरी हा शेवट तेवढा कापून टाकला. जे उरले त्यात एकही दृश्य नवे घातलेले नव्हते, तरी ते सगळे मिळून खोटे झाले. मुलांच्या रक्षणासाठी केलेली वस्तू माणसे मारण्याच्या कामी आली.

मीही ती पाहिली होती. आणि जूनमध्ये, राईनपाड्याच्या आधी, आमच्या संडे स्कूलच्या पालकांच्या गटात "मुलांना सांभाळा" असे लिहून पुढे पाठविली होती. मन स्वच्छ होते, हे मी आजही सांगेन. पण स्वच्छ मनाने पाठविलेले खोटे कमी खोटे असते काय? पुष्कळ दिवस मी स्वतःची समजूत घातली की, दोष शेपूट कापणाऱ्याचा. आता मला तसे वाटत नाही. कापणारा एकच होता; माझ्यासारखे लाखो नसते तर त्याची फीत त्याच्या खिशातच राहिली असती. आणि आम्हा लाखोंमध्ये दुष्ट थोडे, मायाळूच फार. माया आहे म्हणजे चौकशीची गरज नाही, असे आम्ही धरून चाललो.

निर्गमाच्या २३ व्या अध्यायात खोटी बातमी पसरविण्यास मनाई आहे व लगेच पुढच्या वचनात जमावामागे दुष्कर्मास जाण्यास मनाई आहे. ही दोन वचने शेजारी का, हे मला लहानपणी कोणी सांगितले नाही, आणि मीही कोणाला विचारले नाही. तसेच बिरुयाच्या लोकांचे. प्रत्यक्ष पौल सांगत असताना ते रोज शास्त्र उघडून पडताळा पाहत, आणि लूक याबद्दल त्यांना मोठ्या मनाचे म्हणतो. आपल्याकडे मात्र कोणी "हे कशावरून?" असे विचारले की, त्याचा विश्वास कमी आहे असे आपण समजतो. पौलाला जे सोसले ते आपल्याला का सोसू नये?

पूर्वी अफवा नव्हत्या असे मुळीच नाही. "हे पत्र अकरा जणांना पाठवा, नाही तर अनर्थ होईल," अशी पोस्टकार्डे ख्रिस्ती घरांतूनही येत. पण अकरा कार्डे विकत आणून हाताने लिहायची म्हणजे तिसऱ्या कार्डापर्यंत हात दुखू लागे व माणसाला प्रश्न पडे, मी हे काय करतो आहे? तो हाताचा शीण आता गेला. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल असे बंधन घातले. कंपनीने ते घातले हे बरेच झाले. पण बोट पहिल्या वेळी उचलायचे की नाही, हे तिने ठरवून दिले नाही.

राईनपाड्याची बातमी वाचल्यावर मी त्याच गटात माझी चूक लिहून कळविली. तीन आयांनी हात जोडल्याचे चित्र पाठविले. पहिली चित्रफीत आठ दिवसांत दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडून फिरून माझ्याकडेच परत आली होती. हा मजकूर परत आला नाही.