निरोप पोचायला किती वेळ लागला?

रात्री सव्वादोनला आयसीयूच्या दाराशी डॉक्टर मला म्हणाले, “आईंना बोलावून घ्या.” मी आईला फोन केला सकाळी साडेसहाला. ती आली तेव्हा बाबांना शुद्ध नव्हती. पुढे ती आलीच नाही.

घरात मला कुणी काही बोललं नाही. मावशी तर म्हणाली, “अगं, तिसरी रात्र होती तुझी. थकलेल्या माणसाकडून किती अपेक्षा करायची?” तिने ते समजूत घालायला विचारलं होतं. मी मात्र तो प्रश्न अजून धरून बसलेय.

तेव्हा मी ऑडिओलॉजी शिकत होते. कॉलेजात परत गेल्यावर पहिलंच लेक्चर होतं ते ‘कॅलिक्स ऑफ हेल्ड’वर. हान्स हेल्ड या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये या रचनेचं वर्णन केलं. मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जूच्या जरा वर, एका चेतापेशीचं टोक दुसऱ्या पेशीला असं कवेत घेतं, की फुलाखालचा हिरवा पेला आठवावा. म्हणून ‘कॅलिक्स’.

आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे कळायला मेंदू दोन्ही कानांची तुलना करतो. त्यासाठी एका कानाचा निरोप डोक्याच्या दुसऱ्या बाजूला न्यावा लागतो. तो नेणारी जोडणी म्हणजे हा पेला. उशीर चालत नाही, कारण इथला हिशोब सेकंदाच्या हजाराव्या भागाहून बारीक असतो. प्रयोगांमध्ये ही जोडणी सेकंदाला ८०० निरोपांपर्यंत पोचवताना दिसली आहे.

हे जमतं कसं? मेंदूतल्या बहुतेक जोडण्यांना रसायन सोडायच्या एक-दोन जागा असतात. या पेल्याला काहीशे असतात. एका निरोपाला लागतं त्याच्या कितीतरी पट तो सोडतो. निरोपांचा मारा सुरू झाला की साठा घटतो. म्हणजे तोही थकतो. पण घटून उरलेलंसुद्धा पलीकडच्या पेशीला जागं करायला पुरतं. शिवाय त्या पेशीत पोटॅशियमचे दरवाजे असतात. काही दरवाजे विद्युतस्पंद झटक्यात संपवतात, म्हणजे पेशी पुढच्या निरोपाला मोकळी होते. काही एका निरोपाला दोनदा उत्तर देऊ देत नाहीत.

हे ऐकताना मला बरं वाटलं. विश्वासूपणा हा फक्त स्वभावाचा गुण नाही, ती एक तरतूदही आहे. थकवा येणारच, हे धरून ती आधी करावी लागते. आमच्याकडे ती नव्हती. तीन रात्री मी एकटी होते, दादा परदेशात, दुसरं कुणी पाळीला नाही. म्हणजे मावशीचं बरोबर होतं.

मग सरांनी पुढची गोष्ट सांगितली. ही पेशी निरोप जसाच्या तसा पुढे देत नाही. तिच्याकडे येतो तो ‘जागं हो’ असा इशारा. ती शेजाऱ्याला पाठवते तो ‘गप्प रहा’ असा. अर्थ उलटतो, वेळ चुकत नाही.

तिथे माझं समाधान मोडलं. मी आईला “बाबा गंभीर आहेत” असं न म्हणता “जरा येऊन जा” म्हटलं असतं, तरी चाललं असतं. शब्द मऊ करायचा हक्क मला होता, असं मी आजही मानते. पण ते चार तास माझे नव्हते. ते आईचे आणि बाबांचे होते.

आणि त्या चार तासांत मी झोपले नव्हते. फोन हातात होता. आईचा नंबर तीनदा काढला आणि तीनदा स्क्रीन बंद केली. तिचा आवाज फुटलेला मला ऐकायचा नव्हता. त्या पेशीला कुणावर माया नाही, म्हणून निरोप अडवून धरणंही तिला जमत नाही. मला जमलं. जे जमलं त्याला मी थकवा म्हणू शकत नाही.

गेल्या दिवाळीत मी आईला हे सांगितलं. ती बराच वेळ कणीक मळत राहिली. मग म्हणाली, “मी जागीच होते गं त्या रात्री. तू करशील म्हणून मी फोन केला नाही.”

आता आमच्याकडे कुणी दवाखान्यात असलं की पाळीला दोघं असतात. ती तरतूद मी केली. दुसरी गोष्ट मात्र तरतुदीने होत नाही. डॉक्टर बोलून वळले की मी आधी नंबर लावते, मग बाकावर बसते.