काटकसर कोठे करू नये?

काटकसरीचे धडे आपल्या लोकांना कोणी नव्याने द्यावेत अशी गरज नाही. ज्यांनी मुंबईत एका खोलीत सात-आठ माणसांचा संसार रेटला, आणि पुढे परक्या देशात येऊन तुटपुंज्या पगारात पुन्हा पहिल्यापासून घर उभे केले, त्यांना पैशाची किंमत पुरती ठाऊक आहे. परंतु 'काटकसर चांगली' एवढे म्हणून प्रश्न सुटत नाही. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. काटकसर कशात करावी, आणि कशात मुळीच करू नये? या प्रश्नासाठी आज जरा निराळा दाखला घेऊ या. तो म्हणजे हौशी माणसाची शर्यतीची मोटर.

मोटरची शर्यत म्हटली की तो श्रीमंतांचा खेळ, अशी आपली समजूत असते. मोठ्या शर्यतींच्या बाबतीत ती खरीही आहे. पण इंग्लंड-अमेरिकेत क्लबांच्या शर्यती असतात. तेथे कारकून, फिटर, शाळामास्तर असे साधे नोकरदार सुटीच्या दिवशी आपापल्या जुन्या गाड्या घेऊन उतरतात. जिंकले तर फार तर एखादा कप मिळतो, पैसे नव्हेत. इस्राएलात मोटरच्या खेळाला कायद्याची रीतसर वाट मिळाली ती २००५ साली. तेव्हा आपल्या घरांतील एखाद्या तरुणालाही हा नाद लागला तर नवल नाही. मग घरात वाद होतो. वडील म्हणतात, पैसा पाण्यात चालला. मुलगा म्हणतो, "बाबा, मी थोडक्यात भागवतो." त्याच्या या 'थोडक्यात भागवतो'मध्येच आपला विषय दडलेला आहे. कारण थोडक्यात भागवण्याचे दोन प्रकार आहेत. एक शहाणपणाचा आणि एक घाताचा.

आधी शहाणपणाचा प्रकार पाहू. १९२२ साली इंग्लंडात 'ऑस्टिन सेव्हन' नावाची एक चिमुकली गाडी बाजारात आली. तिचे इंजिन साडेसातशे सीसीहूनही लहान होते. पुढे जुन्या ऑस्टिन स्वस्तात मिळू लागल्या, आणि त्यांच्याच भोवती १९३९ साली 'सेव्हन फिफ्टी मोटर क्लब' स्थापन झाला. हा क्लब म्हणजे कमी पैशांत शर्यत करणाऱ्यांचे माहेरघर. १९४८ साली कॉलिन चॅपमन या तरुण इंजिनियरने अशाच एका जुन्या ऑस्टिनवर आपली पहिली गाडी बांधली. पुढे 'लोटस' या नावाने त्याच्या गाड्या जगभर गाजल्या.

या मंडळींपाशी मोठे इंजिन घेण्यास पैसे नव्हते, म्हणून त्यांनी गाडीचे वजन कमी करण्याकडे लक्ष दिले. हलकी गाडी त्याच इंजिनावर लवकर वेग घेते, वळणावर कमी ओढली जाते आणि थांबतेही लवकर. मागची सीट, सतरंजी, दारांची अस्तरे काढून टाकण्यास एक पाना आणि एक मोकळा दिवस पुरतो. टायरमधील हवा गेज लावून नेमकी ठेवणे, चाकांचा कोन बरोबर बसवणे, यालाही फारसे काही पडत नाही. श्रीमंत संघांनी एकदोन शर्यतींत वापरून टाकलेले टायर अर्ध्या किमतीत मिळतात, तेही चालतात. ही खरी काटकसर. जे नको ते काढावे, जे आहे ते नीट लावावे.

पण काढून टाकण्यालाही मर्यादा आहे. सतरंजी काढली तर काही बिघडत नाही. ज्या खांबावर टप उभा आहे तो कापला तर? वजन दोन्हीकडे कमी होते, पण एका ठिकाणी आपण चैन काढली आणि दुसऱ्या ठिकाणी आधार काढला. वजनकाट्याला हा फरक कळत नाही. तो माणसालाच करावा लागतो.

हा फरक नियमात कसा बसवला आहे ते पाहण्यासारखे आहे. २००६ साली कॅलिफोर्नियात एक विनोदी शर्यत सुरू झाली. तिचे नाव 'ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स'. फ्रान्समधील ले मां येथील चोवीस तासांच्या प्रख्यात शर्यतीची ही थट्टा. शिवाय इंग्रजीत फसव्या, कुचकामी गाडीला 'लेमन' म्हणजे लिंबू म्हणतात. नियम असा ठेवला की गाडी, दुरुस्ती-सुधारणा धरून, पाचशे डॉलरहून महाग नसावी. कोणी जास्त खर्च लपवला असे पंचांना वाटले, तर शर्यतीच्या आधीच त्याच्या हिशेबातून फेऱ्या वजा होतात. म्हणून तेथे भंगारातून उठवलेल्या, रंगाचे पोपडे उडालेल्या गाड्या धावतात, आणि सर्वांत वाईट गाडी घेऊन जो सर्वांत चांगला टिकतो त्याचा मोठा मान असतो.

परंतु या पाचशे डॉलरांत काही गोष्टी मोजल्याच जात नाहीत. डोक्यावरचा पोलादी पिंजरा, शर्यतीची सीट, छातीवरचे पट्टे, आग विझवण्याचे साधन, ब्रेक, चाके आणि टायर यांवर वाटेल तेवढा खर्च करा, तो हिशेबात नाही. पिंजरा तर सक्तीचाच आहे. त्यामुळे पाचशेच्या भंगार गाडीत तिच्या किमतीच्या कित्येक पट खर्चाचा पिंजरा बसवलेला दिसतो. वरवर हे हास्यास्पद वाटते. विचार केला तर त्यात मोठे शहाणपण आहे. पुढे धावण्याच्या हौसेला त्यांनी कुंपण घातले, आणि सुखरूप घरी परतण्याच्या खर्चाला कुंपण ठेवले नाही.

आता ब्रेकचा विचार करू, कारण कमी पैशांत गाडी सुधारणारा माणूस पहिली चूक येथेच करतो. हातात थोडे पैसे आले की त्याचा जीव इंजिनाकडे धावतो. इंजिनाचा आवाज ऐकू येतो, मित्र वाहवा करतात. पण हिशेब काय सांगतो? एक हजार किलोची गाडी ताशी १६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ती थांबवताना ब्रेकमध्ये सुमारे तीन लिटर गार पाणी उकळीला आणील एवढी उष्णता निर्माण होते. हे एकदा नव्हे, प्रत्येक फेरीत अनेकदा. शिवाय ही उष्णता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के वाढला की उष्णता एकवीस टक्के वाढते. म्हणजे ज्याने आधी इंजिन वाढवले आणि ब्रेक तसेच ठेवले, त्याने पैसे देऊन आपली गाडी अधिक दुबळी करून घेतली.

त्यात ब्रेक ऑइलला एक खोड आहे. ते हवेतील ओलावा शोषते. डॉट-४ जातीचे ताजे ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर त्याची हमी १५५ अंशांपर्यंत उतरते. ते उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल तळाला टेकते आणि गाडी मात्र धावतच राहते. आता यावर इलाज काय? ताज्या ऑइलचा एक डबा. शर्यतीच्या साऱ्या खर्चात इतकी स्वस्त वस्तू क्वचितच असेल. आणि नेमकी तीच बदलायची राहते, कारण ती कोणाला दिसत नाही.

येथे आपल्याला काटकसरीतील खरा मोह सापडतो. माणूस महाग वस्तूंवर पैसे वाचवतो असे नाही. तो न दिसणाऱ्या वस्तूंवर वाचवतो. पट्ट्यांचेही तसेच. शर्यतीच्या पट्ट्यांवर मुदत छापलेली असते, कारण ऊन आणि वापर यांनी धागा कमजोर होतो. मुदत संपलेला पट्टा नव्यासारखाच दिसतो आणि अर्ध्या किमतीत मिळतो. हेल्मेटचेही तेच. १९५६ साली अमेरिकेत पीट स्नेल नावाचा शर्यतपटू अपघातात गेला. डोक्यावर हेल्मेट होते, पण त्याने डोके वाचवले नाही. त्याच्या मित्रांनी १९५७ साली त्याच्या नावे संस्था काढली आणि हेल्मेटच्या कसोट्या ठरवल्या. हेल्मेट साधारण पाच वर्षांनी बदलावे असा त्या संस्थेचा सल्ला आहे. आणि केवळ पैसे असून भागत नाही, हेही ध्यानात असावे. डेल अर्नहार्ट हा सात वेळा अजिंक्यपद मिळवलेला अमेरिकन शर्यतपटू २००१ साली डेटोना येथे अपघातात मरण पावला. मान सावरणारे 'हॅन्स' नावाचे साधन तेव्हा बाजारात होते. तो ते वापरत नव्हता. त्याच वर्षी त्याच्या शर्यतींत असे साधन सक्तीचे झाले. त्याला पैशांची वाण नव्हती. ही वस्तू वगळता येणार नाही, हा निर्णय मात्र घेतला गेला नव्हता.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते टाळण्याजोगे नाहीत.

पहिला आक्षेप असा: पिंजरा, पट्टे, हेल्मेट, मानेचे साधन हे सारे आवश्यक केले, तर गरीब माणसाने शर्यत करूच नये काय? सुरक्षिततेच्या नावाखाली हा खेळ पुन्हा श्रीमंतांच्याच हाती जात नाही काय? आक्षेपात तथ्य आहे. पण त्यावर तोड पट्ट्याच्या गुणात तडजोड करून निघत नाही, खर्चात भागीदार शोधून निघते. वर सांगितलेल्या शर्यतीत एका गाडीवर चार किंवा अधिक चालक पाळीपाळीने बसतात. पिंजऱ्याचा आणि टायरचा खर्च चार घरांत वाटला जातो. ज्याला तेवढेही झेपत नाही, त्याने एक वर्ष थांबावे आणि तोवर मार्शल म्हणून ट्रॅकवर उभे राहावे. क्लबांच्या शर्यतींत झेंडे दाखवणारे हे लोक बहुधा स्वयंसेवकच असतात. खेळ जवळून पाहता येतो आणि शिकताही येतो. गरिबाला धीर धरण्यास सांगणे कडू आहे हे खरे. पण त्याचा जीव स्वस्त धरणे हे त्याहून वाईट.

दुसरा आक्षेप असा: जीव माझा, पैसा माझा, मी कमजोर पट्टा बांधला तर इतरांना काय? हे बोलणे मर्दानी वाटते, पण हिशेबाला खोटे आहे. ज्याचे ब्रेक गेले त्याच्यापुढे दुसरी गाडी असते, आणि तिच्यातही कोणाचा तरी मुलगा असतो. जळत्या गाडीकडे धावणारा मार्शल आपली सुटी खर्चून आलेला असतो. आणि घरी जे वाट पाहतात त्यांची तर या बेतात संमतीही विचारलेली नसते. 'माझा जीव' म्हणताना माणूस दुसऱ्यांची ठेव स्वतःच्या खात्यात लिहून टाकतो.

हिशेबाची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक नियम सांगतो. अमेरिकेत घोड्यांच्या काही शर्यतींत, आणि साध्या मोटर शर्यतींतही, अशी रीत आहे की आधी ठरलेल्या किमतीला तुमचा घोडा वा इंजिन दुसरा विकत घेऊ शकतो. लेमन्सच्या आयोजकांनीही पाचशे डॉलर हातावर ठेवून गाडी नेण्याचा हक्क आपल्याकडे ठेवला. म्हणजे ज्याने गुपचूप पाच हजार घातले, त्याला ती पाचशेला गमवावी लागेल. पंचाने इंजिन उघडून पाहिल्याशिवाय माणूस खरे बोलू लागतो! पण या नियमालाही एक गोष्ट पकडता येत नाही. मित्राने फुकट केलेले वेल्डिंग, पत्नीने एकटीने सांभाळलेले सुटीचे दिवस, मुलांना न दिलेल्या संध्याकाळी, यांची पावती कोठेच फाटत नाही. "गाडी पाचशेत बांधली" असे सांगणाऱ्याने हा खर्चही मनात धरावा. तो केला म्हणून पाप झाले असे नव्हे. पण तो कोणी दिला हे न विसरणे, एवढे तरी कर्तव्य आहे.

शेवटी, सर्वांत फायद्याची सुधारणा कोणती असे जाणत्यांना विचारले तर ते चालकाकडे बोट दाखवतात. जो ब्रेक केव्हा दाबावा आणि केव्हा सोडावा हे शिकला, तो साध्या गाडीतही महागड्या गाडीला मागे टाकतो. इंजिन विकल्यावर दुसऱ्याचे होते. अंगात मुरलेले कौशल्य आपल्यापाशीच राहते.

म्हणून घरातील तरुण "थोडक्यात भागवतो" म्हणाला, तर त्याला एकदम झिडकारू नये आणि एकदम पैसेही देऊ नयेत. त्याच्यापुढे कागद ठेवावा आणि त्याला दोन रकाने आखण्यास सांगावे. एकात ज्यांवाचून गाडी मागे पडेल त्या वस्तू, आणि दुसऱ्यात ज्यांवाचून माणूस परत येणार नाही त्या. पहिल्या रकान्यात हवी तेवढी कात्री चालवावी. दुसऱ्याला कात्री लावू नये. तो पुरा होत नसेल तर त्या वर्षी गाडी उतरवू नये. असे दोन रकाने आपण वडीलधाऱ्यांनीही आपल्या संसाराच्या वहीत आखून पाहावेत. लग्नाच्या हॉलची रोषणाई कोणत्या रकान्यात येते आणि घरातील जुनी वायरिंग कोणत्या, हे ज्याने त्याने प्रामाणिकपणे लिहावे. दिसणाऱ्या गोष्टींवर खर्च करण्यास जग आपल्याला भाग पाडते. न दिसणाऱ्या गोष्टींवर खर्च करण्यास केवळ आपली सद्सद्विवेकबुद्धीच सांगते.