नांदायला पाठवणारा धर्म कोणाचा?

दादाजी भिकाजींनी १८८४ साली पत्नी रखमाबाईंना नांदायला आणण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. लग्न झालं तेव्हा त्या ११ वर्षांच्या. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला, तेव्हा धर्म बुडाल्याची ओरड झाली. गंमत अशी, की दाव्याचा हा प्रकार मुळात इंग्लंडच्या चर्च-न्यायालयांतला. आणि तिथे असा हुकूम न पाळल्याबद्दलची कैद १८८४ मध्येच रद्द झालेली! इथे मात्र अपिलानंतर १८८७ मध्ये हुकूम निघाला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. कुणी म्हणेल, बायकोनं नवऱ्याघरी राहावं हे शास्त्रातही आहे. आहे ना; पण कर्तव्य सांगणं वेगळं, ते कोर्टाच्या हुकमानं वसूल करणं वेगळं. तोच दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही आहे.