खंजेरी आणि यमक

बॉब डिलन मोठा की नील यंग, यावर रात्र जागवणारे मराठी रसिक मी पाहिले आहेत. शब्द डिलनचे, गिटार यंगची, असा काहीसा निकाल लागतो आणि मंडळी झोपायला जातात. याच मंडळींना तुकडोजी महाराज आणि वामनदादा कर्डक यांच्याबद्दल विचारावं, तर एकाला ते संतांच्या कप्प्यात टाकतात आणि दुसऱ्याला आंबेडकरी चळवळीच्या. दोघेही स्वतः लिहायचे आणि स्वतःच गायचे, गावोगाव फिरून गायचे, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

आमच्या सौंसर-पांढुर्णा पट्ट्यात या दोघांची तुलना टाळता येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यं नव्याने आखली गेली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा मराठी पट्टा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. सरकारी कागद हिंदीत, शाळा बहुतेक हिंदीत, पण भजन नागपूर-अमरावतीकडचं आणि जयंतीची गाणीही तिकडचीच. आश्विन वद्य पंचमीच्या सुमाराला तुकडोजींची पुण्यतिथी आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती. गाव तेच, लाउडस्पीकरवाला बहुधा तोच, गाणारे मात्र वेगळे.

आमच्याकडच्या जामसावळीला निजलेल्या हनुमंताच्या दर्शनाला मंगळवारी-शनिवारी झुंबड उडते. अंगातली बाधा उतरावी म्हणून माणसं येतात, काही मुक्कामही ठोकतात. पलीकडे एखादं भजनी मंडळ खंजेरीवर राष्ट्रसंत तुकडोजींचं भजन म्हणत असतं. ज्या माणसाने आपल्या ग्रामगीतेत भोंदू बुवांना आणि अंधश्रद्धेला फैलावर घेतलं, त्याचीच पदं बाधा उतरवायच्या रांगेला ऐकू येतात, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. कारण चाल इतकी सोपी असते की अर्थाकडे लक्ष जायच्या आत तोंड उघडलेलं असतं. तुकडोजींचं संगीत म्हणून जे बळ आहे ते हेच, आणि त्यांची अडचणही हीच.

खंजेरी हातात घेऊन पाहावी म्हणजे कळतं. लाकडाचं वीतभर कडं, एका बाजूला ताणलेलं कातडं, कड्याच्या खाचांत पितळी चकत्या. डाव्या हाताने कडं हलवायचं, उजव्या हाताच्या बोटांनी थाप द्यायची. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, मग आवाज भद्द येतो आणि वाजवणारा ती शेकून घेतो. एवढंसं वाद्य, पण तालाचा ठोका आणि झांजेची झणझण एकाच माणसाच्या हातून निघते. पखवाज नको, मृदंग नको. यावलीच्या माणिक बंडोजी इंगळे या शाळेत फार न टिकलेल्या मुलाने, म्हणजे पुढच्या तुकडोजींनी, ती उचलली आणि भजनाचा सगळा सरंजाम खांद्यावरच्या झोळीत मावेल इतका आटोपशीर करून टाकला. १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेतही ते खंजेरीच घेऊन गेले.

त्यांच्या चाली फार वर जात नाहीत. चार-पाच स्वरांत ध्रुपद फिरतं, लय चालणाऱ्याच्या पावलाची, आणि दर कडव्यानंतर सगळ्यांनी उचलायची ओळ. शंभर बेसूर माणसांनी म्हटलं तरी पद कोसळत नाही, हे संगीतकाराचं साधं कसब नव्हे. चिमूर-आष्टीच्या १९४२च्या उठावानंतर इंग्रज सरकारने त्यांना पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं, ते भजनातल्या टाळाला घाबरून नव्हे, त्या सामूहिक ओळीला घाबरून. शिवाय ते मराठीइतक्याच सहजपणे हिंदीत लिहीत. घरात मराठी आणि दप्तरात हिंदी असलेल्या आमच्याकडच्या माणसाला त्यांच्यात भाषा बदलावी लागत नाही.

पण वाचायला घेतली की त्यांची बरीचशी पदं सपाट लागतात. उपदेश सरळ, उपमा रोजच्या, यमक पहिलं सुचलेलं. भक्तांना हे आवडणार नाही, तरी मला तसं वाटतं. खंजेरी थांबली की पदाचा निम्मा प्राण जातो.

वामनदादांचं नेमकं उलट. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला १९२२ साली जन्मलेला हा माणूस वयात येईपर्यंत निरक्षर होता. अक्षरओळख झाली ती मुंबईच्या कामगारवस्तीत. माझा समज असा, की त्यांच्या काव्याची सगळी घडण या उशिरा आलेल्या अक्षरांत आहे. ज्याला लिहून ठेवता येत नाही तो कानाने साठवतो आणि कानाला यमक लागतं. एक शेवटी, एक मध्ये, एक अचानक. दादांच्या कडव्यात पहिल्या तीन ओळी सापळा लावतात आणि चौथी ओळ तो मिटते. मुशायऱ्यातल्या शेरासारखी दाद तिथेच पडते. ‘सांगत्ये ऐका’सारख्या १९५९च्या तमाशापटासाठीही त्यांनी गाणं लिहिलं. ठसक्याची ती लेखणी त्यांच्या भीमगीतांतही उतरलेली दिसते. तुकडोजींच्या भजनात श्रोता गातो. दादांच्या गाण्यात श्रोता आधी गप्प होतो, मग ‘वन्स मोअर’ म्हणून ओरडतो.

दादांवर एक आक्षेप ठरलेला: चाली उसन्या, सिनेमाच्या नाहीतर कव्वालीच्या. सुरुवात त्यांनी सिनेगीताच्या चालीवर केली हे खरंच. पण मग डिलनचं काय करायचं? त्याच्या ‘ब्लोइंग इन द विंड’ची चाल गुलामगिरीच्या काळातल्या एका निग्रो भजनावरून आली, आणि त्याचा गुरू वुडी गथ्री तर चर्चमधल्या चालींवरच रेल्वेने फिरणाऱ्या मजुरांची गाणी बांधत होता. तिथे त्याला परंपरा म्हणायचं आणि इथे उसनवारी, हा न्याय कुठला? ओळखीची चाल वापरली की गाणं पहिल्याच रात्री वस्तीच्या तोंडी बसतं. ज्यांच्याकडे तालमीला वेळ नाही, वाद्यं भाड्याची, अशा श्रोत्यांसाठी तो हिशेबीपणा आहे आणि तो मला कसबाचाच भाग वाटतो.

दोघेही शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतात, जुन्या संतांसारखं. एकाच्या पदात ‘तुकड्या’ येतो तो गावात विरघळायला. दुसऱ्याच्या गाण्यात ‘वामन’ येतो तो जबाब नोंदवल्यासारखा: हे मी पाहिलं, हे मी सांगतो. ग्रामगीतेतलं गाव एक व्हायचं स्वप्न बघतं. वामनदादांच्या गावात विहीर कुणाची, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. भजनाच्या रिंगणात या प्रश्नाला जागा करायला तुकडोजींनी आयुष्य घातलं, मंदिरं सगळ्यांना खुली व्हावीत म्हणून ते झटले. तरीही त्यांच्या चालीत विसंवादाला जागा नाही. सगळ्यांनी एकत्र म्हणायच्या ओळीत तक्रार कशी मावणार?

मला निवड करायला लावली तर चाल आणि ताल तुकडोजींचा, शब्द दादांचा. डिलन-यंगसारखाच हा निकाल झाला, पण इथे त्याचे परिणाम डोळ्यांसमोर दिसतात. आता भजनी मंडळांकडे ऑक्टोपॅड आला, की-बोर्ड आला. अकोटकडचे सत्यपाल महाराज सात खंजेऱ्या लावून प्रबोधन करतात, ती खंजेरीची एक वाट. पण गावातल्या साध्या मंडळात पोरं पॅडवरच खंजेरीचा आवाज काढतात. थाप येते, हाताची हलकी मागेपुढे होणारी लय येत नाही. त्या लयीशिवाय तुकडोजींचं पद कवायतीच्या गाण्यासारखं ऐकू येतं. जयंतीच्या डीजेवर वामनदादांच्या गाण्याचीही कमी मोडतोड होत नाही. बास इतका की छातीत धडधडतं. तरी मधेच चौथी ओळ येते आणि नाचणारी पोरं ती पाठ म्हणतात.