बाई, ह्यात दारू हाय का?

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. सावेडीत, पाईपलाईन रोडवरच्या माझ्या दवाखान्यात नेवाशाकडच्या एक आजी आल्या. गळ्यात तुळशीची माळ, म्हणजे दारू वर्ज्य; कंबर वाताने धरलेली. मी स्वतः घातलेल्या दशमूलारिष्टाची बाटली पुढे ठेवली. झाकण काढून त्यांनी वास घेतला आणि विचारलं, "बाई, ह्यात दारू हाय का?" मी म्हणाले, "नाही हो आजी, औषध आहे." बाटली पिशवीत घालून त्या गेल्या. ते "नाही" मला अजून सलतं.

कारण आत काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. दशमुळांचा काढा गाळून निववायचा, त्यात गूळ विरघळवायचा, मध घालायचा, दालचिनी, वेलदोडा, तमालपत्र, नागकेशर, पिंपळी यांची भरड टाकायची आणि वर धायटीची फुलं. ग्रंथात वेगळं माप नसेल तेव्हा जुना वैद्यक-ग्रंथकार शार्ङ्गधर सांगतो ते धरायचं: द्रोणभर द्रवाला तुळाभर गूळ, गुळाच्या निम्मा मध, दहावा हिस्सा चूर्ण. आजच्या हिशेबात सुमारे १२ लिटरला पावणेपाच किलो गूळ. बरणीला आतून तूप फिरवून, धुरी देऊन, तोंड कापडमातीने लिंपायचं. काही दिवसांनी कान लावला की आत सळसळ ऐकू येते. तोंड जरा उघडून पेटती काडी धरली तर ती विझते. पुढे महिनाभराने सळसळ थांबते, काडी जळत राहते, मग गाळायला घ्यायचं. फुलांबरोबर आलेलं यीस्ट गूळ खातं आणि त्याचा मद्यार्क होतो. बाहेरून कुणी थेंबभरही ओतत नाही, पण तो असतो, साधारण ५ ते १० टक्के.

माझा भाचा पुण्यात क्राफ्ट बिअर बनवतो. दिवाळीला आला तेव्हा बरणीला कान लावून म्हणाला, "मावशी, आपलं दोघांचं काम एकच की." तो बेल्जियमच्या रीतीने बिअरमध्ये धने आणि संत्र्याची साल घालतो. हॉप्सचा जम बसण्याआधी युरोपात रानातल्या वनस्पती घालून बिअर करत. १५१६ साली बव्हेरियात जव, हॉप्स आणि पाणी एवढंच वापरायचा हुकूम निघाला, हे त्यानेच सांगितलं. बाराव्या शतकातल्या हिल्डेगार्ड नावाच्या जोगिणीने औषधी वनस्पतींवर लिहिताना हॉप्सने पेय टिकतं अशी नोंद केली आहे. तीही आमच्यातलीच, वैद्यबाई. भाच्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही.

मग माझी बरणी धर्माला चालते आणि त्याची चालत नाही, ते कशाच्या जोरावर? मनूने सुरापान महापातकांत गणलं. कचाची राख सुरेतून पोटात गेल्यावर शुक्राचार्यांनी ब्राह्मणांना सुरा वर्ज्य केली, ही महाभारतातली कथा घरोघरी माहीत आहे. इकडे चरक सूत्रस्थानात ८४ आसवं, म्हणजे अशीच आंबवलेली पेयं, मोजतो. आम्हा वैद्यांचं उत्तर ठरलेलं: हेतू आणि मात्रा. जेवणानंतर चार चमचे, तेवढंच पाणी, ठरलेले दिवस, मग बंद. हे उत्तर मी पुष्कळ वर्षं दिलं आणि मला ते आजही बरंचसं पटतं.

पण ते सगळ्यांना लागू पडत नाही. आमच्या शेजारच्या जैन काकांनी मला एकदा शांतपणे समजावलं की त्यांचा आक्षेप नुसत्या नशेला नाही. आंबवताना असंख्य जीव उपजतात आणि मरतात. चमचा लहान केल्याने त्या जीवांसाठी काय बदलणार?

कायद्यालाही हा पेच पडला होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मद्यार्क असलेली औषधंही सापडली. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी औषधांपुरती रद्द केली. औषधात मद्यार्क नाही असं न्यायालय म्हणालं नाही. मी मात्र म्हणाले.

आजारात व्रत सैल करायला आपल्याकडे आपद्धर्म आहे, आणि कदाचित आजींनी तो घेतलाही असता. कीर्तनकाराला विचारलं असतं, पांडुरंगाला हात जोडले असते, किंवा कंबर दुखू दिली असती. माळ त्यांनी घातली होती, तेव्हा ही सवलत घ्यायची की नाही हे त्यांनी ठरवायचं होतं. ते मी परस्पर ठरवलं, तेही खोटं बोलून. शास्त्रात अरिष्टाला आधार आहे म्हणून त्या खोट्याला आधार मिळत नाही.

आता मी आधी सांगते. कुणी घेतं, कुणी नको म्हणतं. नको म्हणणाऱ्याला त्याच दहा मुळांची भरड देते. रोज ताजा काढा उकळायचा, कडू लागतो, पण त्यात आंबवणं नाही. आजी पुन्हा आल्या नाहीत. माझ्या व्यवसायातल्या सर्वांना विनंती आहे: रोग्याच्या गळ्यात माळ दिसली, तर त्याने विचारायची वाट पाहू नका.